पस्तिशीनंतरचे गरोदरपण: आठवड्यांचा हिशेब कसा ठेवावा

मराठवाड्यातल्या कोणत्याही उपजिल्हा रुग्णालयात गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी पस्तिशी ओलांडलेल्या दोन प्रकारच्या स्त्रिया एकाच बाकावर बसलेल्या दिसतात. एकीचे शिक्षण, नोकरी, स्पर्धा परीक्षा किंवा मूल होत नाही म्हणून केलेले उपचार यांत वय वाढलेले असते आणि तिचे हे पहिलेच बाळंतपण असते. दुसरीचे लग्न कोवळ्या वयात झालेले असते, थोरली लेक सासरी गेलेली असते, आणि पाळी जायची वेळ आली असे समजून ती स्वस्थ राहिलेली असताना पाचव्या महिन्यात पोटातल्या हालचालीनेच तिला खरे काय ते कळलेले असते. पहिलीची घरात जपणूक होते, दुसरी पदराआड पोट झाकून येते. दोघींचे धोके काही सारखे आहेत आणि काही अगदी निराळे आहेत. दोघींनाही सर्वांत जास्त उपयोगी पडणारी गोष्ट मात्र एकच आहे, आणि ती म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेल्या आठवड्यांचा नेमका हिशेब. कारण या वयात करायच्या जवळजवळ प्रत्येक तपासणीचा आणि उपायाचा आठवडा ठरलेला असतो, आणि तो उलटून गेला की पैसा, ओळखपाळख किंवा मोठे शहर यांपैकी कशानेही तो परत मिळत नाही.

हे मी घरातल्या अनुभवावरून लिहीत आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंना बेचाळिसाव्या वर्षी दिवस गेले, तेव्हा त्यांच्या धाकट्या मुलाला चौदा वर्षे झाली होती. पाळी आधीपासूनच मागेपुढे होत असल्याने तीन महिने कोणालाच शंका आली नाही, आणि शंका आल्यावर लेकीच्या सासरी कळले तर काय, या धास्तीने त्यांनी आणखी सहा आठवडे कोणाजवळ शब्द काढला नाही. पायांवर सूज दिसू लागली तेव्हा आम्ही लोणच्यातल्या मिठाला दोष दिला. बाविसाव्या आठवड्यात त्यांचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला, तेव्हा तो १५०/१०० होता. आई आणि बाळ दोघेही सुखरूप राहिले. परंतु बाळ सहा आठवडे आधी जन्मले, काही दिवस काचेच्या पेटीत राहिले, आणि सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करता आली असती अशी एक साधी गोळी त्यांना मिळूच शकली नाही, हे मला फार नंतर समजले.

वयाने नेमके काय बदलते

पस्तिसाव्या वाढदिवसाला शरीरात एकाएकी काही बिघडत नाही. धोका तिशीनंतर हळूहळू वाढत जातो आणि सदतीस-अडतीसनंतर अधिक वेगाने वाढतो. ३५ ही रेघ लक्ष अधिक द्यायला कोठून सुरुवात करावी यासाठी ओढलेली आहे. म्हणून चौतीस वर्षांच्या स्त्रीने निर्धास्त राहावे आणि छत्तीस वर्षांच्या स्त्रीने हाय खावी, असा तिचा अर्थ कोणी घेऊ नये.

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिची सर्व स्त्रीबीजे तिच्या अंडाशयात असतात आणि पुढे नवी तयार होत नाहीत. त्यामुळे चाळीस वर्षांच्या स्त्रीचे बीजही चाळीस वर्षांचे असते. जुन्या बीजात गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचे प्रमाण वाढते. अशी चूक झालेले बहुतेक गर्भ पहिल्या तीन महिन्यांतच टिकत नाहीत, म्हणून पंचविशीत दहापैकी साधारण एक गर्भ खाली होत असेल तर चाळिशीच्या सुरुवातीला हे प्रमाण तीनपैकी एकाच्या आसपास जाते आणि पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून अधिक होते. गर्भ टिकला तर डाउन सिंड्रोमची, म्हणजे एक गुणसूत्र जास्त असल्याने बाळाची वाढ आणि बुद्धी मागे राहण्याच्या दोषाची शक्यता पंचविसाव्या वर्षी सुमारे १,२५० बाळांमागे एक, पस्तिसाव्या वर्षी सुमारे ३५० मागे एक, चाळिसाव्या वर्षी सुमारे १०० मागे एक आणि पंचेचाळिसाव्या वर्षी सुमारे ३० मागे एक अशी वाढते. हे आकडे वाचताना दुसरी बाजूही लक्षात ठेवावी: चाळीस वर्षांच्या शंभर मातांपैकी सुमारे नव्व्याण्णव जणींच्या बाळाला हा दोष नसतो. आकडा सावध होण्यासाठी आहे, गर्भ नकोसा करण्यासाठी नाही. आणि गर्भ खाली झालाच, तर त्याचे कारण बहुतेक वेळा बीजातल्या या चुकीत असते. ओझे उचलले, पपई खाल्ली किंवा कोणाची नजर लागली म्हणून ते घडले असे बाईच्या पदरात टाकणे अन्यायाचे आहे.

दुसरा भाग आईच्या शरीराचा. वयाबरोबर गरोदरपणातला रक्तदाब, गरोदरपणातला मधुमेह, गर्भपिशवीतल्या गाठी, जुळी मुले, वार खाली सरकलेली असणे, दिवस भरण्याआधी होणारी प्रसूती आणि सिझरची गरज हे सर्व वाढते. पहिलटकरणीला यांपैकी रक्तदाबाची भीती अधिक असते. चौथ्या-पाचव्या खेपेच्या स्त्रीला मुख्य भीती रक्ताची असते: अंगात रक्त आधीच कमी असते, आणि अनेक बाळंतपणांनी सैल झालेली गर्भपिशवी बाळ बाहेर आल्यावर लवकर आवळत नाही, त्यामुळे थोड्या वेळात पुष्कळ रक्त जाऊ शकते. आधी सिझर झालेले असेल आणि या वेळी वार नेमकी त्याच जुन्या व्रणावर असेल, तर ती पिशवीच्या भिंतीत रुजून बसण्याचा धोका असतो आणि तो प्रसूतीच्या टेबलावर नव्हे, तर आधीच सोनोग्राफीत कळायला हवा.

दिवस राहण्याआधीचे तीन महिने

ज्यांनी ठरवून मूल हवे म्हटले आहे, त्यांनी तीन महिने आधी एकदा डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉईड, रक्तगट, आणि सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचा वाहकपणा ओळखणारी रक्ताची तपासणी, एवढ्या गोष्टी त्या भेटीत होतात. आपल्याकडे आते-मामे भावंडांची लग्ने आजही होतात. तुमचे लग्न तसे नात्यात झाले असेल, किंवा घरात एखादे मूल जन्मतः व्यंग असलेले वा लहानपणीच दगावलेले असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावे, कारण त्या प्रश्नाचा वयाशी संबंध नसला तरी तपासण्यांची यादी त्याने बदलते.

फॉलिक अॅसिडची गोळी गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधी सुरू व्हावी लागते. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच बंद होते, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात सुरू केलेल्या गोळीचा त्या कामी उपयोग होत नाही. मधुमेह असणाऱ्या किंवा आधीच्या बाळाला ही नळी बंद न होण्याचा दोष झालेल्या स्त्रीला मोठी मात्रा लागते, म्हणून मात्रा विचारूनच घ्यावी.

या वयात ज्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ती म्हणजे आधीपासून चालू असलेली औषधे. छत्तीस-अडतीसच्या वयात अनेकींना रक्तदाबाची गोळी चालू असते आणि ती पुष्कळदा टेल्मिसार्टन असते. ही गोळी आणि तिच्या जातीच्या इतर गोळ्या, तसेच एनालाप्रिल, रामिप्रिल यांच्यासारख्या गोळ्या गर्भाच्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, सांधेदुखीसाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आणि मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन यांबद्दलही आधीच विचारावे. गोळी मनाने बंद करणे तितकेच घातक आहे. गरोदरपणात चालणारी दुसरी गोळी डॉक्टर बदलून देतात आणि ती दिवस राहण्याआधीच बदललेली बरी. घरात कोणाच्या सांगण्यावरून मुलगा होण्यासाठीची पुडी घेतली जात असेल तर ती ताबडतोब थांबवावी. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच पुरुषबीजावरून ठरून गेलेले असते, आणि बाळाचे अवयव घडत असतात त्याच आठवड्यांत त्या पुडीतला अज्ञात पदार्थ पोटात जातो.

दात घासायला मिश्री लावणे ही आपल्याकडच्या अनेक स्त्रियांची लहानपणापासूनची सवय आहे. मिश्री म्हणजे जाळलेला तंबाखूच, आणि तंबाखूने बाळाचे वजन कमी भरते व पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढतो. ही सवय एका दिवसात सुटत नाही, म्हणूनच ती तीन महिने आधी सोडायला घ्यावी. नवऱ्यानेही गुटखा आणि सिगारेट सोडावी. चाळिशीनंतर पुरुषाच्या बीजातही दोष वाढतात, हे आपल्या घरांतून कोणी बोलत नाही.

पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी तपासणी करून घ्यावी. चाळिशीनंतर सहा महिनेही थांबू नये. टेस्ट ट्यूबच्या उपचारांसाठी २०२१ च्या कायद्याने स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असे ठरवून दिले आहे. दुसऱ्या स्त्रीचे बीज वापरून राहिलेल्या गर्भात गुणसूत्रांचा धोका बीज देणाऱ्या स्त्रीच्या वयाप्रमाणे असतो, परंतु रक्तदाबाचा धोका आईला उलट अधिक असतो, हे उपचार घेणाऱ्या जोडप्यांना स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

पाळी चुकली की

चाळिशीत पाळी चुकली म्हणजे ती जायला लागली, असे गृहीत धरू नये. आशाताईंकडे गर्भ ओळखण्याची निश्चय किटची पट्टी मोफत मिळते आणि औषधाच्या दुकानातही ती स्वस्त असते. पाळीला आठवडाभर उशीर झाला की ती वापरावी, आणि उत्तर नाही आले तरी पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा वापरावी. पट्टीवर दोन रेघा दिसल्या की शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता होता ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावे. पोळ्याच्या आसपास किंवा महालक्ष्म्या उठल्यावर, अशी सणावरून सांगितलेली तारीख दहा-पंधरा दिवसांनी चुकते आणि पुढच्या सगळ्या तपासण्यांचे आठवडे त्याबरोबर सरकतात.

सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली सोनोग्राफी करून घ्यावी. गर्भ पिशवीतच आहे ना, ठोके आहेत ना, एक आहे की दोन, आणि आठवडे नेमके किती हे तिच्यातून कळते. ज्यांचे कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झाले आहे, किंवा मूल दगावल्यामुळे ज्यांनी नळ्या पुन्हा जोडून घेतल्या आहेत, त्यांनी तर ही सोनोग्राफी एक दिवसही पुढे ढकलू नये. अशा स्त्रियांमध्ये गर्भ नळीत अडकण्याचा धोका जास्त असतो, आणि पोटाच्या एका बाजूला दुखणे, थोडे अंगावर जाणे आणि चक्कर येणे ही नळी फुटत असल्याची खूण असू शकते.

याच सुमारास नाव नोंदवून माता व बाल संरक्षण कार्ड घ्यावे. नोंदणीला लाज आड येत असेल तर आशाताईंना घरी बोलावून बोलावे. सासूबाईंना आणि सुनेला एकाच वर्षी दिवस गेल्याची उदाहरणे आपल्या गावांतून काही अपूर्वाईची नाहीत, आणि आशाताईंनी ती पाहिलेली असतात.

अकरावा ते विसावा आठवडा

हा काळ या वयातला सर्वांत मोलाचा आहे आणि नेमका हाच लपवण्यात जातो. अकराव्या आठवड्यापासून तेराव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत बाळाच्या मानेमागचे पाणी मोजणारी सोनोग्राफी आणि तिच्या जोडीने डबल मार्कर ही रक्ततपासणी होते. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणारी अधिक अचूक तपासणीही करता येते, ती महाग असते. या तपासण्या गुणसूत्रांच्या दोषाची फक्त शक्यता सांगतात. त्यांत धोका जास्त आला म्हणजे बाळात दोष आहेच असे होत नाही. खात्री करायची तर सोळाव्या आठवड्याच्या सुमारास सुईने गर्भजल काढून तपासावे लागते, आणि त्यात गर्भ खाली होण्याची थोडी जोखीम असते. तालुक्याच्या ठिकाणी यांतले सर्व मिळेलच असे नाही, म्हणून दहाव्या आठवड्यातच कोठे जायचे ते विचारून ठेवावे. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी होते आणि ती प्रत्येकीने करावी.

या तपासण्या करायच्या की नाही हे सर्वस्वी तुम्ही आणि तुमच्या नवऱ्याने ठरवायचे आहे. काही जोडप्यांना काहीही निघाले तरी बाळ हवेच असते, आणि त्यांनाही आधी कळल्याने प्रसूती कोठे करावी याची तयारी करता येते. गर्भपाताचा विचार करावा लागलाच तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायदा वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने आणि ठरावीक परिस्थितींत वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी देतो. त्यापुढे बाळात गंभीर दोष असेल तरच वैद्यकीय मंडळ निर्णय घेते. विसाव्या आठवड्यात पहिल्यांदा रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या स्त्रीपुढे विचार करायला दिवसच उरत नाहीत.

एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे. मराठवाड्यातली अनेक उशिराची गरोदरपणे तीन-चार मुलींनंतर मुलाच्या आशेने राहिलेली असतात. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. वर सांगितलेल्या कोणत्याही तपासणीतून मुलगा की मुलगी हे सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि लिंग कळल्यावर चोरून, उशिरा केलेला गर्भपात चाळिशीच्या, रक्त कमी असलेल्या बाईच्या जिवावर बेततो. मुलासाठी सुनेला पाचव्यांदा गरोदर राहायला लावणाऱ्या घराने आपण तिला कोणत्या धोक्यात घालत आहोत हे एकदा तरी डॉक्टरांच्या समोर बसून ऐकावे.

आता त्या साध्या गोळीबद्दल. अॅस्पिरिनची कमी मात्रेची गोळी बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरू केली तर गरोदरपणातल्या रक्तदाबाचा धोका ज्यांना जास्त आहे अशा स्त्रियांमध्ये तो कमी होतो. आधीच्या बाळंतपणात रक्तदाब वाढलेला असणे, आधीपासून रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असणे, जुळे असणे ही मोठी कारणे. पस्तिशी-चाळिशीचे वय, पहिले बाळंतपण, वजन जास्त असणे, आई किंवा बहिणीला हा त्रास झालेला असणे आणि आधीच्या बाळंतपणाला दहा वर्षांहून अधिक काळ लोटलेला असणे ही दुय्यम कारणे. दुय्यम कारणे दोन असली तरी डॉक्टर ही गोळी देण्याचा विचार करतात. गोळी मनाने घेऊ नये, पण पहिल्या भेटीतच तिच्याबद्दल विचारावे. प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही.

रक्तदाब, साखर आणि रक्त

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक येणे आणि लघवीत प्रथिने जाणे ही धोक्याची जोडी आहे. सुरुवातीला काहीही जाणवत नाही, म्हणून प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजून तो कार्डावर लिहिला गेला का ते पाहावे. पायांची सूज पुष्कळ गरोदर स्त्रियांना येते. परंतु चेहरा आणि हात सुजणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणे, छातीच्या खाली उजवीकडे दुखणे, लघवी कमी होणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता निघावे. यापुढची पायरी झटक्यांची असते. झटके येणाऱ्या बाईला अंगात आले म्हणून बसवून ठेवल्याने जीव गेलेले आहेत. तिला कुशीवर निजवून रुग्णालयात न्यावे. झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनची पहिली मात्रा प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येते.

साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात होते. तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. साखर १४० किंवा अधिक आली तर गरोदरपणातला मधुमेह आहे असे धरतात. बहुतेकींना आहार आणि चालणे यांनी तो आटोक्यात राहतो, काहींना औषध किंवा इन्सुलिन लागते, आणि इन्सुलिन बाळाला बाधत नाही. आहाराच्या बाबतीत आपल्या भागाची ज्वारीची भाकरी सोबतीला आहे. ती वरण, उसळ, करडईची किंवा मेथीची भाजी आणि दही यांच्याबरोबर, एकदम पोटभर न खाता दिवसातून चार-पाच वेळा थोडी थोडी खावी. गुळाचा चहा साखरेच्या चहापेक्षा वेगळा नाही. दोन जिवांची म्हणून ताटात दुप्पट वाढणे या वयात नुकसानच करते.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले की रक्त कमी आहे आणि ७ च्या खाली असले की ती रुग्णालयात उपचार करण्याची स्थिती आहे. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि कॅल्शियमच्या गोळीत व तिच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. काळी शौचाला होते म्हणून गोळ्या उकिरड्यावर टाकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ती काळी होणारच, त्याने काही बिघडत नाही. गोळ्या सोसतच नसतील किंवा सातवा महिना लागूनही रक्त वाढत नसेल तर शिरेतून लोह देता येते, म्हणून ते लपवू नये.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी वेगळे सांगायला हवे. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाही, म्हणजे गरोदरपणाचा अर्ध्याहून अधिक काळ फडावर जातो. कार्ड आणि सगळे रिपोर्ट बरोबर न्यावेत. साखर कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य केंद्रात त्या कार्डावर तपासणी होते. पस्तिशी ओलांडलेल्या, रक्तदाब वाढलेल्या किंवा रक्त कमी असलेल्या स्त्रीने मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवणे थांबवावेच, आणि घेतलेली उचल फिटायची आहे हे माहीत असूनही मी हे लिहीत आहे. जमत असेल तर सातव्या महिन्यानंतर तिने गावी राहावे. मार्च ते जून आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. उन्हात पाणी कमी पडले तर पोट आवळू लागते, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या घरात बाई आपल्या वाट्याचे पाणी सर्वांत शेवटी पिते.

प्रसूती कोठे करायची हे आठव्या महिन्याआधी ठरवावे

आधीची चार बाळंतपणे घरात सुईणीच्या हातून सुखरूप झाली, हा पाचवे घरी करण्याचा आधार होऊ शकत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी कळा झपाट्याने येतात, रस्त्यात प्रसूती होण्याची शक्यता असते आणि रक्तस्राव नंतरच्या पहिल्या तासांत होतो. म्हणून पस्तिशीनंतरची प्रसूती जेथे सिझर होऊ शकते, रक्त मिळू शकते आणि नवजात बाळासाठी अतिदक्षता कक्ष आहे अशाच ठिकाणी व्हावी. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरचे विलासराव देशमुख यांच्या नावाचे आणि नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही अशी मोठी ठिकाणे आहेत. यांपैकी तुमच्या गावापासून कोणते जवळ, रात्री तेथे पोहोचायला किती वेळ लागतो आणि पावसाळ्यात वाटेतल्या पुलावरून पाणी जाते का, याचा विचार आधी करावा. वार खाली असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल तर दिवस भरण्याच्या दोन आठवडे आधीच त्या शहरात नातेवाइकांकडे राहायला गेलेले बरे.

दर महिन्याच्या ९ तारखेला, आणि त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी, सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून चालू आहे, आणि जोखमीच्या मातांना स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाहावे हाच तिचा हेतू आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयात सिझरसह प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत आहे. जाण्यायेण्यासाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ हे क्रमांक फोनमध्ये साठवून न ठेवता दारामागे खडूने लिहावेत, कारण फोन नवऱ्याच्या खिशात शेतात असतो. बाईच्याच रक्तगटाचे दोन नातेवाईक कोण हेही विचारून ठेवावे.

अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर रोज एका ठरलेल्या वेळी, जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजावी. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत किंवा बाळाची नेहमीची चाल मंदावली तर त्याच दिवशी दाखवावे. दिवस उलटून जाईपर्यंत थांबणेही या वयात योग्य नसते: चाळिशीच्या मातेच्या बाळाला एकोणचाळिसाव्या आठवड्यात पोटात असलेला धोका साधारण पंचविशीच्या मातेच्या बाळाला एकेचाळिसाव्या आठवड्यात असतो तेवढा असतो. म्हणून डॉक्टर एकोणचाळीस-चाळीस आठवड्यांना कळा सुरू करण्याचा सल्ला देतात. तो पैशांसाठी दिला जात आहे असा संशय घेण्याआधी त्याचे कारण विचारावे.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे

बाळ झाले की सगळ्यांचे लक्ष बाळाकडे जाते, आणि आईचा धोका मात्र तेव्हा संपलेला नसतो. रक्तदाब प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जाऊ शकतो, म्हणजे नेमका घरी आल्यावर. पाचवी पूजण्याच्या गडबडीत बाळंतिणीचे डोके दुखत असेल तर ते जागरणाचे म्हणून सोडू नये. एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे, धाप लागणे, ताप आणि वास येणारा स्राव, तासाभरात पूर्ण कपडा भिजेल इतके रक्त जाणे यांना रुग्णालयच लागते. शेकशेगडी करायची असेल तर खोलीची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीतला निखाऱ्यांचा धूर आई आणि बाळ दोघांनाही विषारी असतो. या वयात माहेरची आई थकलेली किंवा नसलेली असते, थोरल्या लेकीला आईचे बाळंतपण करायला बोलावताना बाईला अवघडल्यासारखे होते, आणि ती ताप अंगावर काढते. बाई दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, झोपत नसेल, बाळाला जवळ घेत नसेल, तर तेही दुखणेच आहे आणि त्यावर उपचार आहेत.

पुढचे गर्भारपण नको असेल तर त्याचे बोलणे रुग्णालयातून निघण्यापूर्वीच करावे. तांबी प्रसूतीनंतर लगेच बसवता येते आणि पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे, तरी आपल्याकडे ती अजून फारच थोडे पुरुष करून घेतात. आणि ज्यांना गरोदरपणात साखर निघाली होती, त्यांनी बाळाच्या दीड महिन्याच्या लसीचा दिवस स्वतःसाठीही धरावा: त्या सकाळी उपाशीपोटी निघावे, बाळाला लस द्यावी, स्वतः ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करून घ्यावी, रक्तदाब मोजून घ्यावा, आणि दोन्ही आकडे बाळाच्या कार्डावरच लिहून आणावेत, कारण ते कार्ड घरात कोणी हरवत नाही.